आधी टपाल, मग सही: मराठवाड्यातल्या जुन्या पत्रांची पार्श्वभूमी

जुनं पत्र हातात आलं की नजर आधी सहीवर जाते. मराठवाड्यातल्या पत्राच्या बाबतीत ती शेवटी गेलेली बरी.

सहीची हौस जुनी आहे. युरोपात सोळाव्या शतकातले विद्यार्थी गुरुजनांच्या सह्या वहीत घेत. आपल्याकडे सहीला जाहीर दर लावला तो गांधीजींनी. सहीचे पाच रुपये, आणि ते जमा हरिजन फंडात. त्यामुळे त्यांच्या नुसत्या सह्या पुष्कळ फिरल्या. संग्राहकाच्या लेखी अशा चिठोऱ्यापेक्षा मजकूर, तारीख आणि पत्ता असलेलं साधं पोस्टकार्ड कितीतरी मोलाचं.

मराठवाड्यात अशी कार्डं कमी सापडतात, कारण हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये, ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. ज्या संघटनेचं नाव घेणं गुन्हा, तिच्या पुढाऱ्याचं पत्र कोण माळ्यावर जपून ठेवणार?

जे उरलं ते वाचायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली टपालाची. निजामी टपालखात्याची स्वतःची तिकिटं 1869 पासून होती, पण ती राज्याच्या हद्दीतच चालत. बाहेरच्या पत्रव्यवहारासाठी राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानची टपाल कचेरीही होती. दोन्ही खाती एक झाली ती 1 एप्रिल 1950 ला. म्हणजे लातूरहून नांदेडला गेलेल्या 1940 च्या कार्डावर निजामी तिकीट शोभतं. वर्ध्याहून नांदेडला आलेल्या कार्डावर ते असेल तर कार्ड बाजूला ठेवावं. दुसरी गोष्ट सनाची. इथल्या कचेऱ्यांच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली कारभाराचं वर्ष, असे. त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो, पण वर्ष ऑक्टोबरात बदलतं. 1350 फसली म्हणजे ऑक्टोबर 1940 पासून पुढचं वर्ष. बहमन, खुर्दाद असे फसलीचे महिने दिसले की गोंधळू नये. मजकूर मोडीत, शिक्का उर्दूत आणि पत्ता इंग्रजीत असणंही नवलाचं नाही. उलट 1935 चा सगळाच कागद आजच्या वळणाच्या सुबक देवनागरीत असेल तर थोडं थांबावं.

पत्त्याची गंमत सांगायलाच हवी. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या टपालात मिसळू लागली, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. 1937 ची तारीख आणि माथ्यावर ‘सेवाग्राम’ अशा कार्डाचे पैसे मोजू नयेत, अक्षर कितीही हुबेहूब असो. अक्षरावर तसाही फार भरवसा ठेवता येत नाही: उजवा हात दुखला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत, आणि बरीच पत्रं चिटणीसांच्या हातची, खाली फक्त सही. पाकिटावर सहा आकडी पिनकोड असेल तर ते 15 ऑगस्ट 1972 नंतरचंच. ‘नया पैसा’ छापलेलं कार्ड 1 एप्रिल 1957 च्या आधीचं असू शकत नाही.

नावही तारीख सांगतं. हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्याआधी, 1932 पर्यंत, व्यंकटेश खेडगीकर होते. 1928 च्या पत्राखाली ‘रामानंद तीर्थ’ दिसलं की प्रश्न मिटला. गाडगेबाबा निरक्षर होते, तेव्हा त्यांचं ‘हस्ताक्षरातलं’ पत्र नमस्कार करून परत द्यावं. बाबासाहेब आंबेडकरांची बरीच कामकाजी पत्रं टंकलिखित इंग्रजी आहेत. तिथे फसवणूक होते ती कार्बनप्रतीवर मागाहून सही ठोकून. कार्बनची अक्षरं भिंगाखाली कडेला पसरट, धुरकट दिसतात.

कागद बघताना अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरावा. निळसर पांढरा झगझगाट आला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात नसतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद होत आला आहे. तसा कागद लवचीक राहतो, गिरणीचा स्वस्त कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. काजळीची शाई फिकी होत नाही, पण ओल लागली की पसरते. हिराकस (लोहाचा क्षार) घातलेली शाई तपकिरी होत जाते आणि रेघेवरच कागद खाते. असा कागद वारंवार उलगडू नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि जुलैत भिंतींना ओल. हा चढउतारच घातक. पत्र बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. आम्लरहित कागदाच्या घडीत, पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवावं. पीव्हीसीचा अल्बम शाई उचलतो. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांनी झालेलं नुकसान सहसा भरून निघत नाही. टिपण करायचं तर मऊ पेन्सिलीने, पाकिटाच्या मागे. आणि जुन्या दप्तराचा रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सोडताना कागदांचा क्रम आधी फोटोत घ्यावा. पत्र कुणाच्या शेजारी निघालं, हाही पुरावाच असतो.

75 वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात, आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. 1948 ची पत्रंही आता त्या मुदतीत आली आहेत.