मामांचं एलडीएल आणि शर्टाचं बटण

अर्धांगवायूच्या झटक्यात मामांची उजवी बाजू गेली त्याच्या चौथ्या दिवशी लिपिड प्रोफाईलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद आला. एकूण कोलेस्टेरॉल 166, 'चांगलं' कोलेस्टेरॉल एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 180, 'वाईट' कोलेस्टेरॉल एलडीएल 96. मामींनी एलडीएलच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तर शंभराच्या आत आहे. मग कोलेस्टेरॉल उतरवायची ही 80ची गोळी कशाला?"

प्रश्न चोख होता. मुळात हे 96 कुणी मोजलेलंच नव्हतं, ते वजाबाकीतून आलं होतं. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचं, म्हणजे 36. मग 166 मधून 34 आणि 36 वजा करायचे, उरलं ते एलडीएल. हे फ्रीडवाल्ड सूत्र 1972चं आहे आणि कितीतरी लॅब आजही तेच वापरतात. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की मात्र ते कामाचं राहत नाही.

दुसरी गोष्ट रक्त काढण्याच्या दिवसाची. मोठं आजारपण अंगावर आलं की पुढच्या काही दिवसांत रक्तातलं कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. झटक्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच रक्त घेतलेलं बरं, ते यासाठीच. मामांचं एलडीएल दीड महिन्यापूर्वीच्या तपासणीत 118 होतं. चौथ्या दिवसाचं 96 हा आजारी शरीराचा आकडा.

शिवाय कागदावरची 'नॉर्मल' मर्यादा ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी असते. रक्तवाहिनीत चरबी साचून, गुठळी अडकून एकदा झटका आला की हिशेब बदलतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या स्पार्कल चाचणीत 4,731 रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना अ‍ॅटोर्वास्टॅटिन 80 मिलिग्रॅम, म्हणजे मामांचीच गोळी, दिली आणि जवळपास पाच वर्षं पाहिलं. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत 11.2 टक्के, बाकीच्यांत 13.1 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. त्याची किंमतही होती. मेंदूत रक्तस्राव गोळीवाल्यांत 55 जणांना झाला, बाकीच्यांत 33 जणांना. म्हणून ज्यांचा मूळ झटकाच रक्तस्रावाचा, त्यांच्या बाबतीत डॉक्टर ही गोळी देताना दहादा विचार करतात. पुढे फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या 2,860 रुग्णांवरच्या चाचणीत एलडीएल 70च्या खाली ठेवलेल्यांचं, 90 ते 110 मध्ये ठेवलेल्यांपेक्षा बरं निघालं. त्यात पुढचा झटका, हार्ट अटॅक असं सगळं धरलं होतं.

आता एक कोडं. कोपनहेगनमधल्या रुग्णांचा दहा वर्षं माग ठेवून 2007 साली एक निबंध आला. त्यात ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, त्यांचा झटका सौम्य आणि आयुष्य जास्त दिसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे एवढंच फिरलं तर घरोघरी तुपाचा डबा उघडेल! पण ते जगले ते झटका लहान होता म्हणून. आणि उतारवयात कोलेस्टेरॉल फार खाली असण्यामागे पुष्कळदा जुनं दुखणं किंवा खाणं तुटलेलं असणं असतं. कमी आकडा तिथे अशक्तपणाची खूण असतो.

मामींची खरी भीती वेगळी होती. "चरबी अशी कमी केली तर मेंदू भरून कसा यायचा?" शंका रास्त आहे, कारण मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं सुमारे पाचवा हिस्सा कोलेस्टेरॉल त्याच्याकडे. नसांवरच्या मायलिनच्या वेष्टनात तेच भरपूर. मात्र हा सगळा माल घरचा. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं त्याच्या दाराशीच अडतं.

उलट आधीपासून चालू असलेली गोळी झटक्यानंतर थांबवणंच महागात पडू शकतं. स्पेनमध्ये अशा 89 रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाची गोळी फक्त तीन दिवस बंद ठेवली. तीन महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले त्या गटात 60 टक्के, गोळी चालू ठेवलेल्यांत 39 टक्के. अभ्यास लहान, पण 'बाबा दवाखान्यात आहेत, बाकीच्या गोळ्या राहू दे' म्हणणाऱ्याने हात आवरावा इतका बोलका.

या कागदावर सहसा नसणारा एक आकडा म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातून चरबी वाहणारा आणि वाढला तर त्रासाचा ठरणारा कण. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो 1963 साली दाखवून दिला. तो बहुतांशी आईवडिलांकडून येतो, पथ्याने फारसा हलत नाही, आणि आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरतो. मामांचा वाढलेला निघाला, तेव्हा आधी मामेभावांना लॅबमध्ये पाठवलं.

तीन महिन्यांनी एलडीएल 61 आलं. मामींनी कागद घडी घालून देवघराच्या खणात ठेवला. मामा रोज सकाळी तासभर ताटातले वाटाणे एकेक उचलून वाटीत टाकतात. वाटाणा आता जमतो, शर्टाचं वरचं बटण अजून मामीच लावतात.