मेंदू, मणका, नसा : ऑपरेशन केव्हा लागतं, केव्हा नाही

एमआरआयचा रिपोर्ट टेबलावर ठेवल्याबरोबर आम्हाला विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच : 'ऑपरेशन करावंच लागेल का?' बहुतेकांना नाही लागत. ज्यांना लागतं, त्यांतल्या काहींच्या बाबतीत मात्र एक दिवसाची दिरंगाईही महागात पडते. हा फरक घरच्या घरी ओळखता यावा, म्हणून हे पत्रक.

कंबर आणि सायटिका

दोन मणक्यांच्या मधली चकती फाटली की आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. मग कळ नितंबातून मांडीमागे, थेट पोटरी-पावलापर्यंत जाते; हीच सायटिका. हे बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांमध्येच घडतं, कारण वाकण्या-उचलण्याचा सगळा भार तिथेच येतो. बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं, त्यामुळे बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत ओसरते. तोवर औषधं, झेपेल तेवढं चालणं आणि नंतर व्यायाम. दिवसचे दिवस पडून राहिल्याने फायदा होत नाही, उलट पाठ आणखी आखडते.

रिपोर्टमधल्या 'डिस्क बल्ज' या शब्दांनी घाबरू नका. ज्यांना पाठदुखी नव्हतीच अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. म्हणून आम्ही आधी माणूस तपासतो, मग फिल्म बघतो.

आम्हाला दुखण्यापेक्षा ताकद गेल्याची काळजी जास्त वाटते. पाऊल वर उचलता येत नसेल, तर थांबू नका. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती आणि जांघेत बधिरपणा आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. मणक्यातला नसांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो. तो काही तासांत मोकळा केला नाही, तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

चकतीच्या ऑपरेशनमध्ये लहान छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, नसेवर आलेला तुकडा तेवढा काढतात. बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. 'मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस अंथरुणाला खिळला' ही भीती अजून ऐकू येते. या ऑपरेशनमध्ये असं होणं दुर्मिळ आहे. पण हेही आधीच सांगतो : पायाची कळ जाते, जुनी कंबरदुखी जाईलच असं नाही, आणि काहींची चकती पुन्हा सरकते.

मान

मानेत मज्जारज्जू दबला तर दुखेलच असं नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, अक्षर बिघडतं, चप्पल पायातून निसटते, चालताना तोल जातो. हे वयामुळे झालं असं समजून घरचे सोडून देतात. इथे ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतं, म्हणून लवकर या.

हात आणि चेहरा

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, करंगळी मात्र ठीक असते : हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण. सुरुवातीला रात्री पट्टा बांधून भागतं. नाही भागलं, तर जागेपुरती भूल देऊन नसेवरचा घट्ट पडदा कापतात.

गालात विजेचा झटका बसल्यासारखी क्षणभराची कळ, तीही दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच, असेल तर दात काढण्याआधी आम्हाला दाखवा. अनेकांचे चांगले दात यात उगाच गेलेत. आधी कार्बामाझेपिनसारखी औषधं देतात. ती पुरली नाहीत, तर नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करण्याचं ऑपरेशन आहे.

मेंदू

साध्या डोकेदुखीमागे गाठ क्वचितच असते. पहाटे उठवणारं, उलट्यांसह दिवसेंदिवस वाढणारं डोकं किंवा मोठेपणी प्रथमच आलेली फिट मात्र तपासावीच. मेंदूच्या आवरणातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. लहान असतील तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं.

ज्येष्ठांच्या डोक्याला लागलेला किरकोळ मार घरचे विसरून जातात. काही आठवड्यांनी ते सुस्त होतात, अडखळतात, असंबद्ध बोलतात. आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. कवटीला छोटं छिद्र पाडून ते काढलं की पुष्कळदा माणूस लवकर भानावर येतो.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडी वळणं, किंवा आयुष्यात कधी झालं नाही असं अचानक फुटणारं डोकं, असं काही झालं तर आमची वेळ घेऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. लकव्यात मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

येताना

जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ऑपरेशनच्या विचाराने स्वतःहून बंद करू नका. कधी थांबवायच्या ते आम्ही तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून सांगू.