लिनक्सवर डायल-अप मोडेम चालत नाही? खुलासा

म्हापसा, फोंडा, डिचोली, गोव्यात कुठेही जुन्या संगणकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘लिनक्सवर डायल-अप मोडेम चालत नाही.’ लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आणि डायल-अप मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं यंत्र. ते वाक्य खरं नाही, आणि त्यापायी चांगली यंत्रं अडगळीत गेली याचं वाईट वाटतं.

अडचण होती ती ‘विनमोडेम’ची. संगणकाच्या आत बसवायच्या या स्वस्त पीसीआय कार्डांत मोडेमचं बरंचसं काम करणारी चिपच नसे. ते काम विंडोजचं ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेई. कंपन्या चिपची माहिती देत नसत, मग लिनक्सचं ड्रायव्हर लिहायचं कसं? ल्युसेंटच्या काही चिपसाठी ड्रायव्हर निघाले, पण त्यांच्या गाभ्याचा कोड बंदिस्त. कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) बदललं की पुन्हा खटपट.

सीरियल पोर्टला जोडायच्या बाहेरच्या मोडेमला मात्र ड्रायव्हर लागतच नाही. विंडोजमध्ये ज्या पोर्टचं नाव कॉम १, त्याचंच लिनक्समधलं नाव टीटीवायएस०. ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ (wvdialconf) ही कमांड चालवा, ती मोडेम स्वतः शोधून सेटिंगची फाइल लिहिते. त्या फाइलमध्ये फोन नंबर, युजरनेम, पासवर्ड भरायचा आणि ‘डब्ल्यूव्हीडायल’ (wvdial) ही कमांड द्यायची. पुढचं पीपीपीडी, म्हणजे फोनवरची इंटरनेट जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, बघतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ व्हायचा. टेलिफोन एक्स्चेंजचा डायल टोन मोडेमला ओळखता येत नसे, पडद्यावर ‘नो डायलटोन’ येई आणि खापर लिनक्सवर फुटे. इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत) ‘एक्स३’ (X3) घातलं की मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. विंडोजमध्येही हाच उपाय करावा लागे.