उटणे (इंदूर)

उटणे : तेल चोळलेल्या अंगाला लावण्याचे सुगंधी वनस्पती-चूर्ण. इंदुरात मराठी घरांत ते नरकचतुर्दशीच्या पहाटे आणि लग्नाच्या हळदीला लागतेच. शेजारची हिंदी भाषक मंडळी त्याला उबटन म्हणतात. सियागंजाच्या बाजारातून आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळ्या असे सुटे जिन्नस आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे आणि डाळीच्या पिठात मिसळायचे, ही घरगुती रीत.

उटण्याचा गुण जिन्नसांवर जितका, तितकाच ते कशात कालवले यावर अवलंबून असतो. हळदीवरून हे चांगले कळते. तिचा पिवळा रंग मुख्यतः कुरकुमीनचा. वाळलेल्या हळदीत ते वजनाने साधारण २ ते ५ टक्के असते. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिये या शास्त्रज्ञांनी हे पिवळे द्रव्य वेगळे काढले, पण त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून पाण्यात कालवलेली हळद वाटीच्या तळाशी बसते, तर सायीत कालवलेली चेहऱ्यावर सारखी पसरते. पंचाला पडलेला हळदीचा डाग साबण लागताच तांबूस होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तीच ही क्रिया. साबण धुऊन निघाला की डाग पुन्हा पिवळा दिसतो आणि उन्हात घातला की फिका पडतो, कारण प्रकाशात कुरकुमीनचे विघटन होते. उटण्याचा डबा खिडकीत ठेवू नये, तो याचसाठी.

अंगावरचे तेल मुख्यतः डाळीचे पीठ टिपून घेते. काही घरांत रिठ्याची पूडही घालतात. तिच्यातील सॅपोनिन या फेस आणणाऱ्या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, रिठ्याचा होत नाही. मात्र तो डोळ्यांत गेला तर फार झोंबतो; लहान मुलांच्या उटण्यात न घातलेलाच बरा.

लिंबाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. ‘चेहरा उजळतो’ म्हणून उटण्यात लिंबू पिळतात. त्वचेचा सामू (pH; तो जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्ल) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५, म्हणजे रस शेकडो पटींनी अधिक आम्ल. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिने असतात. ती अंगावर राहून ऊन लागले तर त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. माळव्यातल्या वैशाखात तरी हा प्रयोग कोणी करू नये. संत्र्याच्या सालीचे चूर्ण त्यापेक्षा सौम्य, पण तेही ताजेच वापरावे : सालीतील लिमोनीन हे वासाचे द्रव्य हवेत जुने झाले की त्यातून त्वचेला ॲलर्जी आणणारी पेरॉक्साइडे तयार होतात.

कोरडे चूर्ण घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्‌महिने टिकते, कारण पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. दूध किंवा दही घातले की तोच जंतूंचा खुराक होतो. म्हणून लागेल तेवढेच कालवावे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे, आणि वाटीत उरलेले दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्येही ठेवू नये.