आरेक्स परत घ्यायची म्हणताना: ‘ओरिजिनल’ या शब्दाची पार्श्वभूमी

पन्नाशीच्या आसपासचा माणूस “एक आरेक्स बघतोय”, म्हणजे यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल घ्यायचीय, असं म्हणाला की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: ओरिजिनल आहे का? या एका शब्दावर आज लाखाच्या घरातले सौदे जुळतात आणि मोडतात. पंचवीस वर्षांपूर्वी हीच गाडी विकायला काढली तेव्हा तो कुणाच्या तोंडी नव्हता. तेव्हा विचारायचे ते ॲव्हरेज.

यामाहा आरएक्स १०० भारतात आली नोव्हेंबर १९८५ मध्ये. सुरुवातीला जपानहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडणी व्हायची; पुढे भाग इथेच बनू लागले. शंभर सीसीच्या इतर इंडो-जपानी गाड्याही वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने आल्या होत्या. पण ९८ सीसीत ११ बीएचपी आणि वजन जेमतेम शंभर किलो, हे गणित फक्त हिच्याकडे होतं. मार्च १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. तेवढ्या दहा वर्षांत पुण्या-कोल्हापुराकडे ‘यामा’ म्हटलं की हीच गाडी, हे पक्कं झालं होतं.

ती का गेली, याचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: बंदी. तशी सरसकट बंदी टू-स्ट्रोकवर, म्हणजे आरेक्ससारख्या पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या इंजिनांवर, कधी आलीच नाही. आले ते धुराचे निकष, टप्प्याटप्प्याने. १९९६ मध्ये दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला ४.५ ग्रॅम होती, २००० मध्ये ती २ ग्रॅमवर आली आणि २००५ मध्ये दीड ग्रॅमवर. हायड्रोकार्बनची मर्यादाही सोबत आवळत गेली, आणि टू-स्ट्रोकचं खरं दुखणं तेच होतं, कारण तिचं थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तरीही हिचीच पुढची बहीण आरएक्स १३५ धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून २००५ पर्यंत निघत होती, आणि टू-स्ट्रोक मोपेड तर त्यानंतरही कित्येक वर्षं शोरूममध्ये होत्या. आरेक्स संपवली ती कायद्याइतकीच आमच्यासारख्या मालकांनी. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, पेट्रोल वर्षागणिक चढत गेलं, आणि लिटरला चाळीस-पंचेचाळीस देणारी गाडी रोज कामावर नेणं परवडेना. मी माझी २००२ मध्ये विकली. त्या आठवड्यात कॉलनीतल्या आणखी एकाने विकली. गाडी घेणारा अंगणात उभा राहून म्हणाला, “इंजिन चांगलंय, शेतावर पंपाला लावायला बरं.” ते ऐकून पोटात काहीतरी हललं, पण पैसे मोजून घेतले.

आता त्या शब्दाकडे. ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमकं काय, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास वाद चालतात, आणि प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो, कारण या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत.

पहिली गोष्ट ‘जपान’. विकणारा सांगतो, “जपान इंजिन आहे.” कधी त्याचा अर्थ सुरुवातीच्या, बाहेरून आलेल्या भागांतून जोडलेली गाडी असा असतो. कधी एखाद्या भागावर ‘मेड इन जपान’ उमटलेलं आहे, एवढाच. कधी अर्थच नसतो, नुसतं कौतुक असतं. गंमत अशी की रस्त्यावरची बहुतेक आरेक्स इथे बनलेलीच आहे आणि ज्या धावण्याची आठवण लोक काढतात ती याच गाड्यांची. देशी भागाची आरेक्स कमअस्सल, ही समजूत मला अजिबात पटत नाही.

दुसरी गोष्ट इंजिन. आरएक्स १०० चा नंबर १एल१ ने सुरू होतो, म्हणून जाणकार आधी गुडघ्यावर बसून तेच बघतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या चौकटीत १३५ चं इंजिन बसवण्याची पद्धत २००० नंतर सर्रास झाली. ते इंजिन कदाचित जास्त ओढतही असेल. पण आरसीवर एक नंबर आणि क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या कवचावर, दुसरा, अशी गाडी उद्या नावावर करायला गेलं की अडकते.

तिसरी गोष्ट रंग आणि क्रोम. काळा, चेरी रेड, पीकॉक ब्ल्यू हे कंपनीचे रंग. आजच्या बाजारात ‘फुल रिस्टोर’ म्हणून ज्या गाड्या चमकतात, त्यांचा रंग नवा, मडगार्ड नवे, टाकीवरचे स्टिकर नवे. मी गेल्या पावसाळ्यानंतर एक अशीच बघितली. लांबून डोळ्यांत पाणी यावं इतकी देखणी. उजव्या बाजूचं कव्हर काढायला लावलं तर आत ऑइलची टाकी होती, पण इंजिनात ऑइल सोडणाऱ्या पंपाकडे जाणारी नळी नव्हती. पंपाच्या जागी पत्र्याची चकती ठोकून बंद केलेलं. म्हणजे टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल आता पेट्रोलमध्येच कालवायचं. एके काळी हे गावोगावच्या मिस्त्रींनी केलेलं शहाणपणाचं काम होतं, कारण पंप बिघडला की पिस्टन जॅम. ती दुरुस्ती गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे. मग ती ओरिजिनल नाही म्हणायचं का? माझ्या मते चाळीस वर्षं चाललेल्या गाडीत चाळीस वर्षांच्या खुणा असायलाच हव्यात. लपवलेल्या मात्र नकोत.

आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे सर्वात उशिरा लक्ष जातं आणि जी सगळ्यांत महागात पडते: कागद. आपल्याकडे जुनी दुचाकी विकण्याची रीत म्हणजे मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या करून द्यायच्या, तारीख कोरी ठेवायची, आरसी बुक हातात द्यायचं आणि विसरून जायचं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवावं, असं कायदा सांगतो, कळवलं कुणी? त्या कोऱ्या फॉर्मवर गाडी तीन-चार हात फिरली आणि आरटीओच्या दप्तरी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. आज ती घ्यायची तर तो माणूस शोधा, तो गेला असेल तर वारस शोधा, त्यांच्या सह्या मिळवा. मलाही एका मध्यस्थाने “कागद क्लिअर” म्हणून आगाऊ रक्कम घेऊन दोन महिने झुलवलं होतं. आरसीवरचे मालक वारून नऊ वर्षं झाली होती आणि मुलांना गाडी कुठे आहे याचा पत्ताच नव्हता.

कागदाचं वजन वाढत गेलं ते गेल्या पंधरा वर्षांत. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओत तपासून नोंदणीचं नूतनीकरण, हा नियम जुनाच. महाराष्ट्रात २०१० मध्ये पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांना पर्यावरण कर लागला. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३०० वरून १००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीला २००० रुपये. प्रत्येक आरएक्स १०० याच शेवटच्या वर्गात येते. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली तेव्हा तर अनेकांना प्रथमच कळलं की आपली गाडी दप्तरी आपली नाहीच. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना न्यायालयीन आदेशांनी रस्ता बंद केला. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ ही आपल्याकडची अफवा तिथूनच आली. महाराष्ट्रात पासिंग होतं. गाडी चांगली ठेवली असेल तर आजही होतं, आणि हे मोठ्याने सांगायला हवं, कारण या अफवेपायी कितीतरी धडधाकट आरेक्स किलोच्या भावाने गेल्या.

२०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली, त्यात दुचाकीही आहेत. पण अट पन्नास वर्षांची. पहिली आरेक्स तिथे पोहोचेल २०३५ मध्ये. नोंदणीची फी २०,००० रुपये, वर रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. ज्याला सकाळी दूध आणायला किक मारायची आहे, त्याच्या ही नोंदणी उपयोगाची नाही. आरएक्स हे नाव नव्या गाडीवर परत आणायचा विचार असल्याचं २०२२ मध्ये कंपनीकडून सांगितलं गेलं, तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव उतरतील असं काहींना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नवी गाडी नव्या निकषांत बसणार म्हणजे फोर-स्ट्रोक असणार, आणि सकाळच्या पहिल्या किकनंतर तो पातळ निळा धूर, तो जळक्या ऑइलचा वास, थंड इंजिनाचा रिंग-डिंग आवाज तिच्यातून येणार नाही, हे घेणाऱ्यांना ठाऊक आहे.

माझ्या गाडीची विम्याची १९९८ ची पावती आईने ट्रंकेत जपून ठेवली होती. तिच्यावर पेन्सिल घासून उमटवलेला चेसिस नंबर अजून वाचता येतो. आता कुठलीही आरेक्स बघायला जाताना ती पावती खिशात असते. हँडलखाली फ्रेमवरचा गंज बोटाने पुसून आधी नंबर ताडून बघतो, मग किंमत विचारतो.