आदिवासी भूमिहक्क (नॉर्दर्न टेरिटरी) कायदा, १९७६

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी आदिवासींना त्यांच्या परंपरागत जमिनी परत देण्यासाठी तेथील संघीय संसदेने केलेला कायदा. तो २६ जानेवारी १९७७ पासून अमलात आला. नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश त्या वेळी थेट संघ सरकारच्या ताब्यात होता, म्हणून असा कायदा प्रथम तेथेच करणे संसदेला सोपे गेले.

कायद्यामागे दोन लढे आहेत. गोव्ह द्वीपकल्पावर बॉक्साइटची खाण होणार हे कळल्यावर यिरकाला येथील योल्ङू लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर चिकटवलेले, भोवती चित्रे रंगवलेले अर्ज संसदेला पाठवले. पुढे ते न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योल्ङूंची स्वतःची सुसंगत कायदाव्यवस्था असल्याचे मान्य केले, पण तिच्यातून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. दुसरा लढा गुरिंजी लोकांचा. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली वेव्ह हिल येथील गुरांच्या फार्मवरचे मजूर काम सोडून निघाले. वरवर हा मजुरीचा संप होता. लवकरच मागणी जमिनीची झाली.

१९७३ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला आणि त्यावर एडवर्ड वुडवर्ड यांना बसवले. गोव्ह खटल्यात योल्ङूंच्या बाजूने लढून हरलेले वकील ते हेच. त्यांच्या शिफारशींवर विधेयक तयार झाले, पण नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकार बडतर्फ झाले. कायदा मंजूर केला तो विरोधी पक्षातून सत्तेवर आलेल्या फ्रेझर सरकारने, काही तरतुदी सौम्य करून.

जुनी आदिवासी राखीव क्षेत्रे या कायद्याने थेट, आदिवासींच्या वतीने जमीन धारण करणाऱ्या भूविश्वस्त मंडळांच्या नावे झाली. उरलेल्या, कोणाला न दिलेल्या सरकारी जमिनीवर दावा करता येई. दाव्याची कसोटी ही कायद्यातली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. दावेदार एका कुळाचे असावेत, त्या भूमीवरील पवित्र स्थळांशी त्यांचे आध्यात्मिक नाते असावे, त्या स्थळांची मुख्य जबाबदारी त्यांच्यावर असावी आणि तेथे शिकार व कंदमुळे गोळा करण्याचा परंपरेने त्यांना हक्क असावा. त्यामुळे दावे तपासणारे भूमी आयुक्त सुनावणीसाठी रानात जात. साक्षीदार स्थळे दाखवत, त्यांची गाणी गात. मिळालेली जमीन सामूहिक असते आणि ती विकता येत नाही. व्यवहार पाहण्यासाठी भूमी परिषदा आहेत. खनिजे मात्र सरकारचीच राहिली. खाणीला नकार देण्याचा अधिकार मालकांना मिळाला, तरी रेंजर येथील युरेनियमचा प्रकल्प त्यातून मुद्दाम वगळला होता.

१९७५ मध्ये व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, पण तेव्हा गुरिंजींना मिळाला तो भाडेपट्टा. कायद्यान्वये मालकी १९८६ मध्ये आली. उलुरू हा प्रसिद्ध महाकाय खडक १९८५ मध्ये अनांगू लोकांना परत मिळाला, तोही राष्ट्रीय उद्यान म्हणून ९९ वर्षांच्या पट्ट्याने लगेच सरकारला देण्याच्या अटीवर. टेरिटरीची राजधानी डार्विन हिच्या समोरील जमिनीवरचा केन्बी दावा १९७९ चा. शहराच्या जमिनीवर दावा चालत नसल्याने टेरिटरी सरकारने डार्विनची नियोजन हद्दच खाडीपलीकडे पसरवली होती. ऑस्ट्रेलियाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या ‘हाय कोर्टा’पर्यंत गेलेल्या त्या तंट्यात जमीन हाती यायला २०१६ उजाडले.

मूलनिवासींचा जमिनीवरील पूर्वापार हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतर देशभर लागू झालेला मूलनिवासी स्वामित्व कायदा, १९९३ याहून वेगळा आहे. त्यात आधीपासून टिकून असलेला हक्क मान्य केला जातो. १९७६ च्या कायद्यात संसद नव्याने मालकी देते, आणि ती बहुधा अधिक भक्कम ठरते. नवे दावे स्वीकारणे जून १९९७ मध्ये बंद झाले. आज टेरिटरीची सुमारे निम्मी जमीन या कायद्याखाली आहे. २००८ च्या ब्लू मड बे निकालाने भरती-ओहोटीमधला किनारपट्टाही तिच्यात धरला गेला, आणि त्यावरील पाण्यात मासेमारीसाठी सरकारी परवान्याबरोबर आदिवासी मालकांची परवानगीही आवश्यक ठरली.