लवचिक कार्यव्यवस्था, कोकणातील

कामाची वेळ, जागा किंवा हजेरी ह्यांपैकी निदान एक बाब ठरावीक मर्यादेत कर्मचाऱ्याच्या सोयीवर सोपविणारी व्यवस्था. सरकती वेळ, वर्क फ्रॉम होम आणि काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरी अशी मिश्र पद्धत हे तिचे रूढ प्रकार होत. येथे रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या जिल्ह्यांपुरता विचार केला आहे.

उगम : सरकत्या वेळेचा आरंभ सामान्यतः क्रिस्टेल केमरर ह्या जर्मन अर्थतज्ज्ञ महिलेच्या कल्पनेशी जोडतात. म्यूनिकजवळील ओटोब्रुन येथील विमानोद्योगात ती १९६७ च्या सुमारास अंमलात आली. दूरसंचाराच्या साहाय्याने घरून काम करण्याची संकल्पना अमेरिकन अभियंते जॅक नाइल्स ह्यांनी १९७३ मध्ये मांडली. कोकणापुरता मात्र हा आरंभ अपुरा वाटतो. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे निम्मे १९११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात (त्यात आजचा सिंधुदुर्गही आला) जन्मलेले होते. १९३१ पर्यंत हे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरले. चाकरमानी मुंबईत आणि बायकामुले, शेती व म्हातारी माणसे गावी, अशी ही विभागणी होती. घर मनीऑर्डरीवर चाले. चाकरमानी उन्हाळ्यात लग्नकार्याला वा शेतीच्या कामाला गावी येई. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद राहत, त्यामुळे वेळेवर न निघालेल्याचे परतणे लांबे. गिरणीत त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदल्यांचा घोळका जमे व जॉबर (कामगार भरणारा मुकादम) त्यांतून माणसे उचली. १९३५ मध्ये ह्या बदल्यांना कार्डे देऊन पद्धतीला काहीसे नियमित रूप देण्यात आले.

ही गैरहजेरी कशामुळे, ह्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या मतानुसार कामगार मनाने शेतकरीच राहिला, म्हणून त्याला कारखान्याची शिस्त मानवली नाही. मॉरिस डी. मॉरिस ह्यांनी १९६५ मध्ये हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. शिस्त ढिली राहिली ती मालकांच्या धोरणामुळे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. राजनारायण चंदावरकर ह्यांनी (१९९४) पुढे दाखविले, की मागणी वरखाली होत असल्याने गिरणीमालकांनाच हंगामी माणसांची गरज होती आणि शहरातील नोकरीचा भरवसा नसल्याने कामगार गावचा आधार सोडत नव्हता. उपलब्ध पुराव्याशी चंदावरकरांचे हे स्पष्टीकरण अधिक जुळते. तरीही बदली पद्धतीला आजच्या अर्थाने लवचिक म्हणणे धाडसाचे ठरेल. तिच्यातली सवलत मालकाची होती, कामगाराला ती बिनपगारी पडे.

उत्पादकता : ह्या विषयावरचे आकडे वाचताना भाजक कोणता धरला आहे, म्हणजे काम माणसामागे मोजले आहे की तासामागे, हे आधी पाहावे लागते. निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी चीनमधील एका प्रवासी कंपनीच्या कॉल सेंटरवर केलेल्या प्रयोगात (प्रसिद्धी २०१५) घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण ह्या १३ टक्क्यांतली सुमारे ९ टक्क्यांची वाढ केवळ अधिक मिनिटे काम केल्यामुळे होती. एका मोठ्या भारतीय आयटी कंपनीतील १०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कोविडकाळातील नोंदींत उलटे चित्र दिसते : कामाचे तास वाढले, काम जवळपास तेवढेच राहिले, म्हणजे ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. महिन्याचा पगार देणाऱ्याला ही घसरण दिसतही नाही. ती कर्मचाऱ्याच्या संध्याकाळच्या वेळेतून वजा होते. चेन्नईतील डेटा एंट्रीच्या प्रयोगात घरी बसवलेले ऑफिसातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी मागे पडले. मिश्र पद्धतीबाबत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,६०० कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात कामगिरीत फरक आढळला नाही, राजीनामे मात्र सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

ह्यांपैकी एकही पाहणी कोकणातील नाही. येथे तास कमी-जास्त होण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. वाड्या डोंगराच्या कुशीत, खोलगट जागी वसलेल्या असतात. मोबाइलची रेंज मिळते ती वर सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर). २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्गात ऑनलाइन अभ्यासासाठी डोंगरावर खोप उभारल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली ह्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ व त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणचा पूर आला. त्यामुळे पडवीत लॅपटॉप मांडणारा आधी इन्व्हर्टर घेतो, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवतो आणि ढग गडगडू लागले की मोडेमची वायर काढून ठेवतो. गणपतीत मात्र वायर जोडलेली असली तरी समोर कोणी बसलेले नसते.

कायदा : मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असल्यास, प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोय ठेवली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील घटकांसाठी जुलै २०२२ मध्ये नियम ४३-अ आला. त्यानुसार जास्तीत जास्त ५० टक्के कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करता येई व ही मुदत वाढविण्याची तरतूद होती.